राजा दीनदयाळ आणि आमच्या घरची तसबीर

आमच्या चिक्कडपल्लीच्या घरी बैठकीच्या खोलीत, दाराच्या वर, एक जुनी तसबीर टांगलेली असे. तीत दोन पुरुष होते. एक खुर्चीत बसलेला आणि दुसरा त्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. दोघांच्या डोक्यांवर पागोटी, अंगात लांब अंगरखे आणि चेहऱ्यांवर त्या काळच्या सगळ्याच फोटोंतून दिसते ती किंचित धास्तावलेली गंभीर मुद्रा. लहानपणी मला हे दोघे कोणी देवच वाटत, कारण सर्वपित्री अमावास्येला त्यांना हार घातला जाई व त्यांच्यापुढे उदबत्ती लावली जाई. थोडे कळू लागल्यावर समजले की, हे आमचे खापरपणजोबा आणि त्यांचे बंधू. त्यांपैकी खापरपणजोबा कोणते, असा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. बसलेले ते वडीलधारे, म्हणून तेच आपले, असे घरातील सर्वांनी धरून ठेवले होते.

मागच्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली. तसबीर खाली काढली तेव्हा काचेच्या आत बुरशी पसरलेली दिसली आणि उभ्या असलेल्या पुरुषाचा अर्धा चेहरा एका तपकिरी डागाखाली गेलेला होता. तसबीर पार खराब झाली आहे, तेव्हा तिचे नदीत विसर्जन करावे, असे आईचे मत पडले. बाबांना ते पटेना. त्यांनी ती एका फोटोच्या दुकानात नेऊन तिची प्रत करावयास दिली. आठ दिवसांनी जी प्रत आली ती मूळ फोटोच्या तिप्पट मोठी आणि रंगीत होती. पागोटी केशरी झाली होती, मिशा काळ्याभोर, वर्ण गोरापान, आणि जेथे डाग होता तेथे दोन टपोरे डोळे नव्याने बसविलेले होते. आम्हा मुलांना ती आवडलीही. पण आजीने ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि ही माणसे आपल्या घरातली नव्हेत, एवढेच सांगून बाजूस ठेवली.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट आजीकडून कळली. आमचे खापरपणजोबा बसलेले नव्हेत, उभे आहेत. धाकट्या भावाचा पाय अधू होता, त्याला फार वेळ उभे राहवत नसे, म्हणून थोरल्याने त्याला खुर्ची दिली व आपण मागे उभा राहिला. हे आजीला तिच्या आजेसासूबाईंनी, म्हणजे उभ्या असलेल्या पुरुषाच्या पत्नीने, सांगितले होते. आजी आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. ही हकीकत ठाऊक असलेले दुसरे माणूस आज घरात नाही. ज्याचा चेहरा डागाखाली गेला आणि ज्याच्या जागी दुकानातील कारागिराने परके डोळे बसविले, तोच आमचा मूळ पुरुष होता.

घरात पूर्वापार एक समजूत आहे की, हा फोटो राजा दीनदयाळ यांनी काढलेला होता. हैदराबादच्या जुन्या घराण्यांत असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खरे-खोटे करावे म्हणून मी फोटोचा पुठ्ठा उलटसुलट पाहिला. जुने फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत आणि खालच्या पट्टीवर किंवा मागील बाजूस स्टुडिओचे नाव छापीत. आमच्या फोटोची ती पट्टी कोणीतरी केव्हातरी फ्रेमच्या मापाला बसावी म्हणून कापून टाकली होती, आणि मागची बाजू कोरी होती. पुरावा कात्रीने गेला होता. मग मी घराजवळच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत जाऊन दीनदयाळांविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. आमच्या फोटोचा उलगडा तेथे झाला नाही. परंतु एका थोर कारागिराचे चरित्र हाती आले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली उत्तरेत, मीरतजवळील सरधना या गावी, एका जैन घराण्यात झाला. घराणे जवाहिऱ्यांचे, परंतु मुलाचा ओढा निराळा होता. रुडकी येथील थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी तांत्रिक शिक्षण घेतले आणि १८६६ साली इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे करण्याच्या कामावर ते रुजू झाले. इमारतीची मापे घेणे, ती कागदावर बिनचूक उतरविणे, प्रत्येक आकड्याची नोंद ठेवणे, हे त्यांचे रोजचे काम. पुढे त्यांच्या हातून जे घडले त्याची मुळे ह्या कारकुनी शिस्तीत आहेत, असे मला वाटते.

१८७४ च्या सुमारास त्यांनी फोटोग्राफी हाती घेतली. आज आपण खिशातून फोन काढतो आणि क्षणात फोटो घेतो. त्या काळी हे काम किती कष्टाचे होते याची कल्पना येणे कठीण आहे. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतावयाचे, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्याच्या आत तंबूतील अंधाऱ्या खोलीत धुवावयाची. मध्य हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात काच वाळावयास कितीसा वेळ लागणार? पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या व काम पुष्कळ सोपे झाले. तरी जड काचा, लाकडी कॅमेरा आणि रसायनांच्या बाटल्या यांचे ओझे बैलगाडीवर लादूनच न्यावे लागे.

इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी ह्या सरकारी नोकराचा छंद पारखला आणि त्याला उत्तेजन दिले. एका मराठी राजाच्या आश्रयाने हा कलावंत पुढे आला, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुकोजीरावांच्या द्वारे त्यांचा परिचय मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशी झाला. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता त्यांचे फोटो घेण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. १८८२ साली डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले आणि ग्वाल्हेर, खजुराहो, सांची आदी ठिकाणच्या वास्तूंचे फोटो त्यांनी घेतले. ह्या फोटोंचा ग्रंथ १८८६ साली निघाला. १८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपले फोटोग्राफर नेमले. नोकरीतून आधी लांब रजा आणि मग निवृत्ती घेऊन, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी पोटापाण्यासाठी सर्वस्वी कॅमेऱ्यावर विसंबावयाचे ठरविले. पेन्शनीच्या नोकरीवर पाणी सोडणे हे त्या काळच्या मध्यमवर्गीय माणसाला केवढे धाडस वाटले असेल, हे आपल्या घरातील वडील मंडळींना विचारून पाहावे.

त्यानंतर ते आमच्या हैदराबादेत आले. सिकंदराबादेस त्यांनी स्टुडिओ थाटला आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर म्हणून पदरी ठेवले. चारमिनार, फलकनुमा राजवाडा, निजामांच्या शिकारी, लष्करी संचलने, मेजवान्या, पाहुणे, हत्ती-घोडे हे सर्व त्यांच्या काचांवर उतरले. आपल्या मराठवाड्यातील वेरूळची लेणीही त्यांनी टिपली. १८९४ साली निजामांनी त्यांना राजा बहादुर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. तलवारीच्या मानाचा किताब कॅमेरा हाती धरणाऱ्याला मिळाला. १८९६ साली त्यांनी मुंबईस मोठा स्टुडिओ उघडला आणि १८९७ साली राणी व्हिक्टोरियाकडून राजघराण्याचे फोटोग्राफर म्हणून त्यांना मान्यता मिळाली. ज्ञानचंद आणि धरमचंद हे त्यांचे दोन पुत्र त्यांच्या हाताखाली तयार होऊन धंद्यात आले होते. १९०३ च्या दिल्ली दरबाराचे फोटोही ह्या स्टुडिओने घेतले.

परंतु दीनदयाळ म्हणजे राजेरजवाड्यांचे फोटोग्राफर, एवढेच समजणे अपुरे होईल. त्यांच्या स्टुडिओत व्यापारी, वकील, अधिकारी, कुटुंबवत्सल गृहस्थ पैसे देऊन फोटो काढून घेण्यासाठी येत. त्याआधी आपले चित्र घरात असणे हे सरदारांचे वैभव होते, कारण चित्रकाराकडून तसबीर रंगवून घेणे सर्वांना परवडणारे नव्हते. फोटोमुळे मध्यम स्थितीतल्या माणसालाही आपला चेहरा नातवंडांसाठी मागे ठेवता येऊ लागला. आमच्या घरातील ते दोघे भाऊ अशाच कोणत्यातरी स्टुडिओच्या पायऱ्या चढले असतील.

ह्यात स्त्रियांचे काय, असा प्रश्न माझ्या मनात आला. आमच्या घरात खापरपणजीचा एकही फोटो नाही. पडदा पाळणाऱ्या घराण्यांतील स्त्रिया परक्या पुरुषापुढे बसणार कशा? दीनदयाळांनी ही अडचण ओळखून १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ सुरू केला. त्याची व्यवस्था केनी-लेविक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे सोपविली होती. तेथे फोटो घेणारीही स्त्रीच असल्यामुळे घरंदाज स्त्रियांना निर्धास्तपणे फोटो काढून घेता येई. आमच्या खापरपणजीला तेथे कोणी नेले नाही. ज्या बाईने दोन भावांची ओळख चार पिढ्या पुढे पोहोचविली, तिचा स्वतःचा चेहरा कसा होता हे सांगावयास आजीच्या आठवणीखेरीज काहीच उरलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो. त्या काळी फोटोची प्रत काढण्याची रीत अशी होती : चित्र आधी काचेवर उलट्या छाया-प्रकाशात उमटे. ती काच हे मूळ. तिच्याखाली अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला व चांदीच्या क्षाराने तयार केलेला कागद ठेवून दोन्ही चौकटीत घट्ट दाबीत आणि ती चौकट उन्हात ठेवीत. काच जेवढी तेवढाच फोटो निघे. छपाई झाल्यावर कागद सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातून काढून, हायपोत बुडवून, पुष्कळ पाण्याने धूत. हे धुणे कमी पडले तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडून विरू लागे. पण फोटो विरला तरी काच शाबूत असेपर्यंत नवी, अगदी तशीच, प्रत केव्हाही निघू शके.

म्हणून खरा ठेवा काच हा होता आणि दीनदयाळांनी तो ओळखला होता. त्यांच्या काचांवर क्रमांक घातलेले आहेत, पुष्कळांवर विषयाचे नाव व स्वाक्षरीही आहे, आणि ती फोटोतही उमटते. स्टुडिओत येणाऱ्यांच्या नोंदवह्या ठेवल्या जात. कोण आले, कोणत्या क्रमांकाची काच त्यांची, हे पाहून पुढे प्रत मागणाऱ्याला ती देता येई. बांधकाम खात्यात अंदाजपत्रके लिहिणारा तो हात येथे दिसतो. चेहरा चांगला काढणारे फोटोग्राफर आणखीही होते. चेहऱ्याला क्रमांक आणि क्रमांकाला नाव जोडून ठेवण्याची ही चिकाटी मला त्यांच्या कलेइतकीच मोठी वाटते.

उत्तरायुष्यात त्यांना दुःख भोगावे लागले. १९०४ साली धरमचंद वारले आणि पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९०५ रोजी, दीनदयाळांनी इहलोकीची यात्रा संपविली. ज्ञानचंदांनी काम पुढे चालविले, परंतु पहिले वैभव राहिले नाही. छोटे कॅमेरे आले, संस्थाने गेली, १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन भाषांत तीन भाग झाले. काचा मात्र वंशजांनी जपल्या. काच ही जपण्यास किती अवघड वस्तू! ती फुटते, तिच्यावरचा लेप ओलीने सुटतो, आणि घरात जागा अडवून बसते. कित्येक स्टुडिओंच्या काचा लेप खरवडून खिडक्यांना लावण्यासाठी विकल्या गेल्या आहेत. दीनदयाळांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या व तेथे त्या सुरक्षित आहेत. २००६ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीटही काढले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा चेहरा त्यांतील काचेवरून आजही जसाच्या तसा कागदावर उतरविता येतो, आणि क्रमांक व नोंद असेल तेथे तो कोणाचा हेही सांगता येते.

हे सारे वाचून घरी आलो तेव्हा आमच्या त्या तिप्पट मोठ्या रंगीत प्रतीकडे पाहून मला लाज वाटली. कारागिराचा त्यात मोठा दोष नाही. जुन्या स्टुडिओंतही फोटोवर रंग चढविणारे व डागडुजी करणारे चित्रकार असत. पण आमच्याकडे काच नव्हती, नोंद नव्हती, आणि काय बदलू नये हे आम्ही त्याला सांगितले नव्हते. त्याला डाग दिसला, तो त्याने भरला. कोणाचे डोळे होते हे त्याला कोण सांगणार?

मग आम्ही पुन्हा आरंभ केला. जाणत्या माणसास विचारून फोटो चौकटीतून हलक्या हाताने सोडविला. एका कोपऱ्यात तो काचेला चिकटला होता; तेथे ओढाताण न करता ती काच तशीच राहू दिली, कारण ओढले असते तर चेहऱ्यासकट लेप निघाला असता. ओल्या फडक्याने काहीही पुसले नाही. चांगल्या यंत्रावर त्याची जशीच्या तशी प्रतिमा घेतली आणि ती डागासकट जपून ठेवली. दुसऱ्या प्रतिमेत फक्त बुरशीचे ठिपके कमी केले. डागाखाली चेहरा जेवढा उरला होता तेवढाच ठेवला, नवे डोळे काढले नाहीत. भिंतीवर आता ही प्रत आहे. मूळ फोटो आम्लविरहित कागदात गुंडाळून, कसर लागू नये व ओल येऊ नये अशा ठिकाणी, कोरड्या कपाटात आडवा ठेवला आहे.

त्यानंतर आजीजवळ बसून दोन्ही भावांची नावे, गावाचे नाव आणि धाकट्याच्या पायाची हकीकत लिहून घेतली. पुठ्ठ्याच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, उभे कोण आणि बसलेले कोण ते लिहिले. आजीने तेथेच आणखी एक नाव लिहावयास लावले, ते तिच्या आजेसासूबाईंचे. फोटोत त्या नाहीत. पण फोटो ओळखणाऱ्या त्याच होत्या, तेव्हा त्यांचेही नाव तेथे असणे योग्य आहे, असे आजीचे म्हणणे पडले. मीही ते आनंदाने लिहिले. फोटो कोणी काढला ह्या जागी मात्र काही लिहिले नाही. दीनदयाळांचे नाव लिहिण्याचा मोह झाला होता, परंतु ज्याने आयुष्यभर खऱ्या नोंदी ठेवल्या त्याचे नाव खोट्या नोंदीत घालणे मला बरे वाटले नाही.

आपल्या ह्या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. नांदेड-परभणीची घरे असोत की बीदर-रायचूरची, आपणा सर्वांचे पूर्वज एकाच संस्थानात नांदले, आणि अनेकांच्या घरी अशी एखादी तसबीर दाराच्या वर टांगलेली असेल. येत्या दिवाळीच्या सुटीत घरी जाल तेव्हा ती खाली काढा. घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ ती घेऊन बसा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून हे कोण, ते कोण, विचारा. सोबत एक पेन्सिल न्या. प्रत पुढेही करता येईल. नाव सांगणारे माणूस पुढे भेटेलच असे नाही.